म्हातारखात्यातली ऑर्लीन

ऑर्लीन सेट्झरने आयुष्याची सेहेचाळीस वर्षं नवीन फर्निचर जुनं करण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर लोकांना जुनं फर्निचर नव्यासारखं कसं ठेवावं हे शिकवायला घेतलं. "आधी पाप केलं, आता फेडतेय," असं ती दर शनिवारी म्हणायची. त्यावर दाराशी तिकिटं फाडायला बसलेला गार्लंड म्हणायचा, "एकच पाप? मला तर बावीस आठवतात." गार्लंड कारखान्यात करवतीवर होता. त्याच्या दोन्ही हातांना मिळून आठ बोटं होती, तरी बाविसापर्यंतचा हिशेब त्याचा चुकत नसे.

स्टिलवेल गाव नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरपायथ्याशी. कारखान्याचा भोंगा बंद होऊन दहा वर्षं झाली होती. यंत्रं जहाजात बसून चीनला गेली, छप्पर पावसाने खाल्लं, आणि शाबूत राहिलेल्या कचेरीत गावाने संग्रहालय काढलं. भिंतीवर मालकांच्या तीन पिढ्या टांगलेल्या होत्या. कामगारांचा फोटो एकच, आणि त्यात ऑर्लीन पुढच्या बाईच्या टोपीमागे गेलेली. दिसत होतं ते तिचं कोपर. नवरा वारलेला, मुलगी दूर टेक्सासला. शनिवारी दहा ते बाराचा संग्रहालयातला शिकवणीचा तास सोडला तर शहात्तर वर्षांच्या ऑर्लीनची कुणाला कुठे गरज पडत नव्हती.

तासाला लोक घरची आजारी खुर्ची-टेबलं घेऊन यायचे. उपचाराआधी त्यांना इतिहास ऐकावा लागे.

"आधी बोस्टन-फिलाडेल्फियाचे कारागीर," ती सांगायची. "एका खुर्चीला महिना लावायचे. ती खुर्ची बसायला नव्हतीच, पाहुण्यांना दाखवायला होती. मग मिशिगनवाले आले. यंत्रं लावून दिवसाला शंभर खुर्च्या काढायला लागले. त्यांना वाटलं, आता आपलंच राज्य. तेवढ्यात आमच्या आज्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की लाकूड आपल्या डोंगरातलं, मग खुर्च्या त्यांच्या का? आम्ही निम्म्या किमतीत करून त्यांना घरी बसवलं. आणि आम्हाला कुणी घरी बसवलं ते तुमची खुर्ची उलटी करा, खाली चिकटवलेलं असेल. हं, आण बाळा, काय झालंय हिला?"

मग उपचार. ओरखड्यावर अक्रोडाचा गर चोळा. अडकणाऱ्या खणाच्या कडेला मेणबत्ती फिरवा. पोचा आला असेल तर ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री टेकवा, लाकूड वाफ पिऊन फुगतं. आणि थंड चहाच्या ग्लासाने पांढरं कडं उमटलं, तर त्यावर मेयोनीज फासा, तासभर थांबा, पुसून टाका. कडं म्हणजे पॉलिशात शिरलेला दमटपणा. मेयोनीजमधलं तेल आत शिरतं आणि त्याची जागा घेतं.

हे मेयोनीजच तिला भोवलं.

संग्रहालयाची अध्यक्ष होती क्लॉडेट बोस्ट. वय पंचेचाळीस, शाळेत ग्रंथपाल राहिलेली, आणि तिथली शांतता घरी-दारी बरोबर घेऊन फिरणारी. तिचे वडील हॉइट बोस्ट गेल्या वर्षी वारले, तेव्हा तिने घरातलं सहा खणांचं कपाट संग्रहालयाला दिलं. दर्शनी खोलीत मंद दिवा, लाल दोर, आणि समोर पाटी: 'बोस्ट घराण्याचं कपाट. अंदाजे इ.स. १७९०. पणजोबांच्या आजोबांनी बैलगाडीतून आणलेलं.' जुन्या सुतारांचा शोध घेणारे, राज्याच्या राजधानीतले, रालेचे एक जाणकार, मिस्टर लाइल, पुढच्या गुरुवारी ते बघायला येणार होते. त्यांनी होकार दिला की कपाटाचा फोटो त्यांच्या यादीत छापला जाणार होता.

त्या शनिवारी क्लॉडेटने फोटोसाठी दोर काढला, कपाट भिंतीपासून पुढे ओढलं, आणि फोन वाजला म्हणून हातातला चहाचा ग्लास वर ठेवून बाहेर गेली. जुलैचा महिना. ग्लासातल्या बर्फाने घाम सोडला. पाऊण तासाने तिथून जाताना ऑर्लीनला तो दिसला. काठाला गुलाबी लिपस्टिक, आणि खाली बशीएवढं पांढरं कडं.

"गार्लंड, बघितलंस?"

"मी काही बघितलं नाही. मला मोतीबिंदू आहे."

ऑर्लीनने ग्लास धुतला, पुसला, कपबशांच्या फडताळात ठेवून दिला. फ्रीजमध्ये क्लॉडेटची मेयोनीजची बरणी होती, दुपारच्या टोमॅटो सँडविचची. त्यातले दोन चमचे तिने घेतले आणि कड्यावर फासले. आता तासभर काय करायचं, म्हणून ती गुडघ्यांना शिव्या देत खाली बसली आणि भिंतीकडे असायची ती बाजू सवयीने चाचपू लागली.

बोटं थांबली. किडीची भोकं होती. चार चौकोनात, तीन शेपटीला.

सप्तर्षी.

इथे म्हातारखात्याबद्दल सांगायला हवं. पॉलिशखात्याच्या मागे एक लांबट खोली होती, तिला सगळे म्हातारखातं म्हणत. त्या काळात सगळ्या अमेरिकेला आजीचं कपाट हवं होतं आणि आजी नको होती. म्हणून कोरं करकरीत कपाट या खोलीत शिरायचं आणि वीस मिनिटांत शंभर वर्षांचं होऊन बाहेर पडायचं. एक जण साखळीने बडवायचा. दुसरी दातांच्या ब्रशाने काळा रंग शिंपडायची, ते माश्यांचे ठिपके. आणि ऑर्लीन बर्फ फोडायच्या टोच्याने किडीची भोकं पाडायची. भोकं कशीही, विस्कळीत पाडायची असा नियम होता, आणि सेहेचाळीस वर्षं विस्कळीत वागणं वाटतं तितकं सोपं नाही. मनासारखं काम झालं की ती मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, सात भोकांचे सप्तर्षी पाडायची. चित्रकार कोपऱ्यात नाव घालतात तसं.

साखळीवर होता हॉइट बोस्ट. १९७१ साली मोठ्या प्रदर्शनासाठी सहा खास कपाटं केली होती, पाडलेल्या कोठारांच्या जुन्या फळ्यांतून, म्हाताऱ्या सुताराने हाताने सांधलेली. त्यातल्या एकाचा मागचा पाय उचलताना तडकला. मालकाने ते हॉइटला देऊन टाकलं. हॉइटची बायको कचेरीतल्या बड्या घरची होती, आणि त्याची सासू दर रविवारी जेवताना विचारायची, "हॉइट, तुमच्याकडे घराण्यातलं असं काही नाहीच का रे?" त्या रविवारी हॉइट म्हणाला, "आहे ना." सोमवारी तो ऑर्लीनजवळ आला, टोपी हातात घेऊन. "ऑर्लीन, कुणाला बोलू नकोस हं." ती नाही बोलली. चव्वेचाळीस वर्षं नाही बोलली, आणि मधल्या काळात विसरूनही गेली.

"मिस ऑर्लीन!"

दारात क्लॉडेट उभी होती. मेयोनीजने माखलेलं घराणं तिने डोळे भरून पाहिलं.

"तुम्ही... माझ्या पणजोबांच्या आजोबांवर... सॅलड केलंत?"

"कडं पडलं होतं, बाळा."

"कशाचं कडं?"

गार्लंडने खिशातून रुमाल काढला आणि मोतीबिंदू पुसायला घेतला. ऑर्लीन म्हणाली, "पडलं होतं कशाचं तरी."

क्लॉडेट ओरडली नाही. ग्रंथपाल ओरडत नाहीत, आवाज अजून खाली आणतात. "गेल्या वर्षी तुम्ही महापौरांच्या टेबलाला अक्रोड चोळलात, मी काही बोलले नाही. या वेळी मिस्टर लाइल काय म्हणतात ते बघू. त्यांनी जर म्हटलं की पॉलिश बिघडलं, तर शनिवारचा तास बंद. समितीने नाही, मी ठरवलंय."

"बरं," ऑर्लीन म्हणाली. "पुसून तरी घेऊ ना? तास होत आलाय."

पुसलं तर कडं गेलेलं होतं. पण क्लॉडेटला आता बिनकड्याची जागाही संशयास्पद वाटत होती.

त्या आठवड्यात ऑर्लीनला जेवण गोड लागेना. सांगितलं की हे कपाट नकली आहे, तर तास वाचतो. नकली कपाटाचं पॉलिश बिघडलं म्हणून कोण कुणाला काढतं? पण मग हॉइटला दिलेला शब्द जातो, आणि क्लॉडेटचा बाप मेल्यावर खोटा ठरतो. बुधवारी ती गार्लंडच्या ओट्यावर जाऊन बसली; कपाटाची गोष्ट त्यालाही ठाऊक होती.

"तू असतास तर काय केलं असतंस?"

"गप्प बसलो असतो," गार्लंड म्हणाला. "तो जाणकार आहे ना? त्याला कळेलच. तू कशाला वाईटपणा घेतेस?"

हे तिला पटलं. जाणकाराला कळेल, तोच सांगेल, शब्द मोडणार नाही आणि तासही राहील. ती गुरुवारी चर्चचा चांगला झगा घालून गेली.

मिस्टर लाइल फुलपाखरी टायवाले, पातळ हातांचे गृहस्थ. त्यांनी खण ओढले, हुंगले, सांध्यांवरून नख फिरवलं. म्हातारा सुतार आणि कोठाराच्या फळ्या यांनी आपलं काम चोख केलं होतं. मग ते पाठीमागे गेले आणि वाकले.

"अप्रतिम," मिस्टर लाइल म्हणाले. "सतराशे नव्वद म्हणता? मी ऐंशीसुद्धा म्हणेन."

क्लॉडेटने छातीवर हात ठेवला. गार्लंडने ऑर्लीनकडे पाहिलं. ऑर्लीनला एकाच वेळी रडावंसं आणि नाचावंसं वाटत होतं.

"आणि वरचं पॉलिश?" क्लॉडेटने विचारलं. "त्यावर मेयोनीज लावलं गेलंय."

मिस्टर लाइलनी डोळे मिटून घेतले. "अरेरे. दोनशे वर्षांचा थर. असं करणाऱ्याला या इमारतीत पाऊल ठेवू देऊ नका."

झालं. तास गेला. क्लॉडेटने ऑर्लीनकडे बघितलं नाही, आणि ऑर्लीननेही मान खाली घातली. शब्द तो शब्द. ती पर्स उचलून निघाली. दारापर्यंत गेलीही असती. पण मिस्टर लाइल बोलायचे थांबेनात.

"ही भोकं बघा. हे माणसाला जमणारच नाही. नक्कल करणारे भोकं पाडतात ती कशी, ओळीत, भित्री, मूर्खासारखी. इथे बघा किती मोकळेपणा आहे! केवळ कीडच हे करू शकते. शंभर वर्षं, कुणाची घाई नसलेली साधी कीड."

ऑर्लीन वळली.

"ती कीड मी," ती म्हणाली.

मिस्टर लाइल वाकल्या वाकल्याच वळले.

"काय म्हणालात, बाई?"

"ती कीड मीच. स्टिलवेल फर्निचर, म्हातारखातं, एकाहत्तर साल. आणि घाई नव्हती म्हणता? वीस मिनिटांत कपाट हातावेगळं करावं लागायचं, साहेब. भोकं पाडायला तीन मिनिटं. तार आहे का तुमच्याकडे? घाला आत. खरी कीड वाकडीतिकडी जाते, तार अडकते. माझा टोचा सरळ जातो."

मिस्टर लाइलनी तार घातली. सरळ गेली. दुसऱ्या भोकात घातली. सातव्या भोकानंतर त्यांनी टाय सैल केला.

"जरा लांबून बघा," गार्लंड मदतीला धावला. "सप्तर्षी आहेत. आणि डावा मागचा पाय चिकटवलेला आहे. कपाट मीच पाडलं होतं. तेव्हा मला दहा बोटं होती, तरी निसटलं."

मिस्टर लाइल लवकरच निघाले. त्यांना रालेला पोचायचं होतं, आणि जिन्यावरून उतरताना ते स्वतःशीच "मोकळेपणा" असं काहीतरी पुटपुटत होते.

क्लॉडेट कपाटाशी उभी होती. ऑर्लीनच्या आता ध्यानात आलं. शब्द मोडला होता, आणि तोही कशासाठी? बढाईसाठी.

"बाबांना माहीत होतं?" क्लॉडेटने विचारलं.

"तुझ्या आजीसाठी केलं त्याने, क्लॉडेट. दर रविवारी ती त्याला टोचायची. माझ्यापेक्षा तिचा टोचा धारदार होता."

क्लॉडेटला आजी आठवली असावी, कारण तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "म्हणजे यात बाबांचं काहीच नाही. ना पणजोबा, ना बैलगाडी."

"कोण म्हणतं नाही?" ऑर्लीन पुन्हा गुडघ्यांना शिव्या देत खाली बसली आणि तिचा हात ओढून कडेवर ठेवला. "हे मार बघ. हे साखळीचे. हॉइट डावखुरा होता, त्याचा प्रत्येक मार उजवीकडे झुकायचा. आख्ख्या कारखान्यात असे मार दुसऱ्या कुणाचे नव्हते. बघ, हा एक. हा एक."

क्लॉडेट बोटाने मार मोजत गेली. बराच वेळ मोजत गेली. गार्लंडला मधेच मोतीबिंदूचा त्रास झाला.

शेवटी ती उठली, पाटी काढली, उलटी केली, आणि टेबलाशी जाऊन ग्रंथपालाच्या सुबक अक्षरात लिहू लागली. 'सहा खणांचं कपाट. स्टिलवेल, १९७१. साखळीचे मार: हॉइट बोस्ट. किडीची भोकं: ऑर्लीन सेट्झर.'

"आणि पाय?" गार्लंड म्हणाला.

'पाडलं: गार्लंड यंट.'

लाल दोर तिने गुंडाळून कोठीत टाकला. मग ऑर्लीनकडे न बघता म्हणाली, "शनिवारी दहाला वेळेवर या, मिस ऑर्लीन. आणि मेयोनीज घरून आणा. फ्रीजमधलं माझ्या सँडविचसाठी आहे."

"आणते. आणि तू तुझ्या ग्लासाखाली बशी ठेव."

"माझ्या?" क्लॉडेट वळली. "म्हणजे ते कडं..."

गार्लंड तोवर तिकिटांच्या टेबलाशी जाऊन बसला होता आणि रिकाम्या दाराकडे बघून, अतिशय लक्षपूर्वक, तिकिटं फाडत होता.