फादरांचा भाग

आमच्या पनवेलच्या चर्चमधले म्हातारे काका दुपारी रिकाम्या वेदीसमोर गुडघे टेकून जुन्या लॅटिन मिस्सेतली, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतली, उत्तरं म्हणतात. पूर्वी फादर जमलेल्या लोकांकडे पाठ करून प्रार्थना म्हणत आणि वेदीजवळचा सेवक उत्तर देई; काका तेव्हा सेवक होते. आता मिस्सा मराठीत होते, ती उत्तरं फक्त काकांनाच पाठ आहेत. प्रत्येक उत्तराआधी ते थांबतात, ऐकल्यासारखी मान हलवतात.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी मला ती मिस्सा पूर्ण लिहून हवी होती.

"काका, फादरांचा भागपण सांगा ना."

"तो मला नाय येत. तो फादर बोलतात."

"कुठले फादर?"

काका वेदीकडे वळले. "फादर, जरा हळू बोला. पोर लिवून घेतेय."

मग ते नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ थांबले. माझं पेन वहीवर टेकलेलं होतं आणि ते उचलायची मला भीती वाटत होती.