टेबलासोबत गेलेलं दावं

मी जालन्यात पॅथॉलॉजी लॅब चालवते. रिपोर्टमध्ये येतं ते आहे, येत नाही ते नाही — माझं डोकं एवढंच चालतं. तुमच्या सदरातले अनुभव मी आजवर दुपारच्या चहाबरोबर वाचत आले आणि काही वाचून तर चक्क हसले आहे. आज स्वतः लिहितेय ते एका मुलीमुळे. तिचं आणि तिच्या वडिलांचं नाव बदललंय. बाकी घडलं तसंच आहे.

माझे सासरे, अण्णा, जाफराबादला गुरांचे डॉक्टर होते. ते गेल्यावर दोन वर्षं घर बंदच होतं. शेवटी मी आणि माझा नवरा सुधाकर, दोघांनी ते रिकामं करायला घेतलं. पितळी भांडी वाटली, कपाटं भंगारात दिली. राहिलं अण्णांचं लिहायचं टेबल आणि खुर्ची.

साधंसुधं टेबल नव्हतं ते. हैदराबादचा एक जुना क्लब बंद पडला, तेव्हा अण्णांनी तिथून आणलेलं. सागवानी, तिरक्या निमुळत्या पायांचं, पितळी मुठी. खुर्चीची पाठ वेताची. खालच्या बाजूला डिझायनरच्या नावाची छोटी पट्टी ठोकलेली. मी फोटो काढून ऑनलाइन टाकले आणि लगेच ललितभाईंचा फोन आला. जालन्यातले बियाण्याचे व्यापारी, आमच्या ओळखीचे. त्यांची मुलगी नेहल सीएचा अभ्यास करत होती, तिच्यासाठी हवं होतं.

ते टेम्पो घेऊन जाफराबादला आले त्या दिवशी माझ्या नणंदबाई, विमलताई, टेंभुर्णीहून आल्या होत्या. टेबलाच्या मागच्या दोन पायांना एक जुनं दावं आडवं बांधलेलं होतं. अण्णा लिहिताना त्यावर पाय ठेवायचे. विमलताई ते बघून पुढे आल्या.

"सुनंदा, टेबल दे, खुर्ची दे, पर दावं सोडून घे. दावं देत न्हाईत."

आमच्याकडच्या बाजारात जनावर विकलं की विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणारा स्वतःचं नवं आणतो. अण्णा तर दावं सोडल्याशिवाय जनावराचा दाखलाच लिहून द्यायचे नाहीत. मला हे माहीत होतं. पण...

"ताई, टेबल आहे ते. म्हैस नाही," मी म्हणाले.

"चार पाय त्यालाबी हायेत."

"मंग दूध किती देतं, ते पण सांगा ताई!" ललितभाई हसत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पण दोरी राहू द्या भाभी. अशा पीसला बिलकुल हात लावायचा नसतो. जसंच्या तसं पाहिजे, ओरिजनल."

"सुनंदा, अगं त्या दाव्याची गाय..." विमलताई काहीतरी सांगत होत्या. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, मला जालन्याला परतून लॅब उघडायची होती. "नंतर सांगा," म्हटलं आणि टेबल चढवायला लावलं.

उन्हाळा लागला तसा ललितभाईंचा पुन्हा फोन. नेहलला बरं नाही, घरी येऊन रक्त घ्याल का? मी दुपारी गेले. त्यांचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, एसी लावलेला. नेहल त्या खुर्चीत बसलेली. चांगली अंगानं भरलेली मुलगी, तिची गालफडं बसली होती. पुस्तक उघडं, पण नजर खिडकीबाहेर.

"खातच न्हाई काही," तिची आई म्हणाली. "नुसतं पाणी. आणि परवा काय केलं ते विचारा. पायात चप्पल न्हाई, भोकरदन नाक्यावर चालत गेल्ती! ह्यांच्या दुकानातल्या माणसानं वळखलं म्हणून बरं."

"कुठे निघाली होतीस गं?" मी दंडाला पट्टा बांधत विचारलं.

"घरी," ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. तिच्या उजव्या घोट्यावर जखम होती. दावं घासून होईल तर एका बाजूला होईल. ही घोट्याभोवती सगळीकडून होती. कातडी सोलून लाल कडं पडलेलं.

"काकू, हे खालून कोण ओढतं?" तिनं अगदी सहज विचारलं.

निघताना ललितभाईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "ती दोरी आधी काढा. पायाला घासतेय. आणि चांगल्या डॉक्टरला दाखवा." सल्ला साधा होता, आजही मी तोच देईन... बहुतेक.

रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. संध्याकाळी ललितभाईंना कळवलं तर म्हणाले, "दोरीची गाठ सुटंना भाभी, इतकी आवळून बसली होती. चाकूनं कापून टाकली."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहल घरात नव्हती. या वेळी तिला कोणीच पाहिलं नाही. ललितभाईंनी पोलिसांत कळवलं, स्टँड पाहिलं, स्टेशन पाहिलं, मैत्रिणींना फोन केले. रात्र गेली. त्यानंतरच्या दुपारी मला फोन आला — जाफराबादहून, आमच्या घराशेजारच्या सलमाआपांचा.

"भाभी, तुमच्या अंगणात एक पोरगी आलीय. तुमच्यातली कोणी हाय का? बोलत न्हाई. बाल्टीभर पानी पिली, हातानं न्हाई... बाल्टीत तोंड घालून. अजून प्यासीच हाय."

जाफराबादचा रस्ता भोकरदन नाक्यावरूनच लागतो, पण जालन्याहून ते गाडीनेही लवकर येत नाही. नेहलनं ते घर कधी पाहिलेलं नव्हतं. पत्ताही माहीत नव्हता. टेबल न्यायला आले होते ते ललितभाई एकटे.

आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणातल्या रिकाम्या खुंट्याला कपाळ टेकून पडली होती. तळपायांना कातडी उरली नव्हती. मुठीत दाव्याचा कापलेला तुकडा. ललितभाई "बेटा, बेटा" करत तिला उचलत होते, तर ती खुंटा सोडेना. शेवटी सुधाकरनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

जालन्याला दवाखान्यात नेलं. तिथून तिचे नमुने माझ्याच लॅबला आले. किडन्या बंद पडत चालल्या होत्या. उष्माघात, डॉक्टर म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. ते आकडे मला समजतात. तिचा शेवटचा रिपोर्ट मीच सही करून दिला. तो पोचायच्या आधी ती गेली.

नेहलच्या दुखवट्याच्या बैठकीला जाऊन आल्यावर मी विमलताईंना फोन केला. "त्या दिवशी काय सांगत होतात? गायीचं?"

त्या म्हणाल्या, "आम्ही ल्हान होतो. अण्णानं एक गाय जालन्याच्या माणसाला इकली, दाव्यासकट देऊन टाकली. उन्हाळ्यात ती दावं तोडून चालत परत आल्ती. आम्ही सगळे लग्नाला गेल्तो, घराला कुलूप. खुंट्यापाशी मेलेली घावली. पाणी द्यायला कोणी नव्हतं गं... तेच दावं अण्णानं टेबलाला बांधलं. का बांधलं ते कोणालाच सांगितलं न्हाई."

ललितभाईंनी टेबल-खुर्ची परत पाठवली. सोबत निरोप नाही, फोन नाही. दोन्ही आता जाफराबादच्या घरात, होती त्याच जागी आहेत. जाहिरात काढून टाकली. टेबलाला राहिलेल्या दाव्याला नेहलच्या मुठीतला तुकडा सुधाकरनं गाठ मारून जोडला आणि ते खुंट्याला अडकवलं.

उष्माघातानं माणूस भ्रमिष्ट होतो, हे मला मान्य आहे. पण भ्रमिष्ट माणूस न पाहिलेल्या घराच्या खुंट्यापर्यंत बरोबर कसा पोचतो, याचं उत्तर मला कुठल्या डॉक्टरनं दिलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर ऐकायची तयारी आहे.

तोवर एक करते. उन्हाळा लागला की सलमाआपांना सांगून खुंट्यापाशी पाण्याची बादली भरून ठेवायला लावते. त्या सकाळी भरतात. दुपारी ती रिकामी असते.

ऊन फार आहे आमच्याकडे. पाणी आटतं. मी तेवढंच समजते.