पुट्टीचा खडा

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पुरुषांची सभा दर शनिवारी सकाळी सातला भरते. सात म्हणजे सव्वासात. उपासनागृहामागच्या खोलीत चौदा खुर्च्या गोल मांडायच्या, एक गीत, एक शास्त्रपाठ, प्रार्थना, मग चहा. मी सभेचा चिटणीस. ही हकिगत लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही, पण दुसरा कुणी लिहील असंही वाटत नाही.

हकिगत पेंटरची आहे. पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या. ब्रशपेक्षा त्याची जीभ जास्त चालते. निम्म्या मंडळीला त्याने टोपणनावं दिली आहेत. पाळकसाहेब 'अजून एक मुद्दा', शिंपी 'अर्धा इंच' आणि मी 'तहकूब'. मला ते नाव आवडत नाही, पण चिकटलं आहे. त्याने दिलेलं नाव निघत नाही, याचा त्याला अभिमान होता.

सुताराचं नाव 'डुगडुग'. त्याला कारण आमचं पुलपीट, म्हणजे ज्यामागे उभं राहून उपदेश करतात ते उंच लाकडी मेज. नऊ वर्षांपूर्वी सुताराने ते सागवानाचं केलं, मजुरी घेतली नाही, चार महिने रात्रीचा दिवस केला. पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाच्या भरात त्यावर हात ठेवला आणि पुलपीट असं हललं की पाण्याचा ग्लास खाली आला. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून पेंटर हळूच म्हणाला, "डुगडुग." उपासना असूनही लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

सोमवारी सुतार गुण्या आणि फूटपट्टी घेऊन आला. पुलपीट जागच्या जागी घट्ट उभं होतं. त्याने ते चारी बाजूंनी ढकललं, पाय मोजले, सांधे तपासले. चूक सापडेना. सापडली असती तर दुरुस्त तरी केली असती. त्यानंतर त्याने नक्षीचं, नाजूक काम घेणं बंद केलं. फळ्या ठोकायच्या, दारं घासून द्यायची, बस्स. आणि वर्षातून एका रविवारी उपासना पुरुष चालवतात, त्या पुरुषांच्या रविवारी शास्त्रपाठ वाचायची पाळी आली की दर वर्षी त्याचा चष्मा घरी राहायचा. स्वतः केलेल्या पुलपिटामागे तो एकदाही उभा राहिला नाही. आम्ही म्हणायचो, लाजाळू आहे.

आमच्या सभेची एक रीत आहे. प्रत्येकाने आपली प्रार्थनेची विनंती चिठ्ठीवर लिहायची, नाव न घालता, आणि बिस्किटांच्या डब्यात टाकायची. मग ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल तिच्यासाठी त्याने आठवडाभर रोज प्रार्थना करायची. कुणाची म्हणून विचारायचं नाही. पुढच्या शनिवारी फाडून टाकायची.

गेल्या वर्षी एका शनिवारी पेंटरच्या हाती आली ती अशी: 'मंडळीतल्या एकाला मला माफ करता येत नाही. तो भेटला की हसतो. त्याला ठाऊकही नाही.'

ज्याने जन्मभर अक्षरं रंगवली त्याला अक्षर ओळखायला कितीसा वेळ? आधी पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ आणि मग तिला टांगलेली अक्षरं. अशी लिहायची पद्धत एकाच माणसाची. आणि भेटला की हसणारा कोण, हे शोधायला पेंटरला आरशापलीकडे जावं लागलं नाही.

त्याच्याजवळ आणखी एक गोष्ट होती, जी कुणालाच माहीत नव्हती. पुलपीट आलं त्याच आठवड्यात त्यामागच्या भिंतीवर बायबलचं वचन रंगवायचं काम त्याचं होतं. भिंतीच्या भेगा भरताना पुट्टीचा एक गोळा खाली पडून वाळला. फरशीही करडी, पुट्टीही करडी. सोमवारी सकाळी, सुतार यायच्या आधी, पेंटर आपले डबे न्यायला आला तेव्हा पुलपिटाच्या मागच्या पायाखाली त्याला तो दिसला. शेंगदाण्याएवढा. त्याने तो पात्याने खरवडला आणि खिशात टाकला. सांगणार होता. पण तोवर 'डुगडुग' घरोघरी पोचलं होतं, आणि विनोद फारच छान बसला होता.

मंगळवारपर्यंत त्याने चिठ्ठीसाठी व्यवस्थित प्रार्थना केली. देवा, या माणसाला माफ करायचं बळ दे. बुधवारी तो 'या माणसाला'पाशीच थांबला आणि उठून ब्रश धुवायला गेला. गुरुवारी बायकोने विचारलं, "अंगात कणकण आहे का? सकाळपासून कुणाची टिंगल केली नाही तुम्ही."

शुक्रवारी तो सुताराच्या दुकानात गेला. सुतार एका दाराची कड घासत होता. पेंटरने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पुट्टी, पातं, खिसा, आणि शेवटी चिठ्ठी पुढे धरली.

"ही मला आली. नियम मोडतोय, कळतंय मला."

सुताराने चिठ्ठी वाचली. "चिठ्ठी माझीच," तो म्हणाला. "पण तो तू नाहीस."

"म्हणजे?"

"दुसरा आहे. कोण ते सांगायचं नसतं." त्याने रंधा खाली ठेवला. "पुट्टीचं मला माहीतच नव्हतं."

पेंटर सांगतो, त्या क्षणी आल्या पावली परत पळावंसं वाटलं. सुताराने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"आठ वर्षं," तो म्हणाला, "मला वाटत होतं माझा हात चुकला. आता एकाचे दोन झाले बघ माफ करायला. जा आता. मला काम आहे."

दुसऱ्या दिवशी सभेत पेंटरने उभं राहून पुट्टीचं सगळं सांगितलं. पहिली दोन मिनिटं आम्ही हसत होतो, कारण तो उभा राहिला की हसायचं ही आमची सवय. मग एकेक जण गप्प झाला. सुतार चहा न घेताच गेला.

टोपणनाव मात्र गेलं नाही. लहान मुलंसुद्धा 'डुगडुगकाका' म्हणत होती, त्यांना थोडंच माहीत! तेव्हा पेंटरने एक व्रतच घेतलं. कुणीही 'डुगडुग' म्हटलं की तो जिथे असेल तिथून म्हणायचा, "पुट्टी माझी होती." बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर अंत्यविधीलाही. लोक कंटाळले. माणूस लाजेने सुधारत नाही, पण कंटाळून सुधारतो. सहा-सात महिन्यांत ते नाव कमी ऐकू यायला लागलं. सुतार त्याच्याशी बोलत होता, पण कामापुरतं.

यंदा पुरुषांच्या रविवारी वाचणाऱ्यांची यादी मी केली. सुताराचं नाव न विचारताच घातलं. चिटणीस असण्याचा एवढाच फायदा.

त्याचं नाव पुकारलं तेव्हा मला वाटलं, चष्मा घरी राहिला असणार. पण तो उठला. पुढे गेला. वाचण्याआधी त्याने पुलपिटाच्या दोन्ही कडा धरल्या आणि सगळा भार टाकून ते ढकललं. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. अख्खी मंडळी बघत होती. मग खिशातून चष्मा काढून त्याने शास्त्रपाठ वाचला, सावकाश, एकही शब्द न गाळता.

परत येताना तो दुसऱ्या रांगेपाशी, पेंटरच्या बाकाजवळ थांबला. मी शेजारीच होतो.

"हलत नाही," तो म्हणाला.

"कधीच हलत नव्हतं," पेंटर म्हणाला, आणि सरकून त्याला जागा करून दिली.