स्टिअरिंगमागचं झाकण

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. एकानेही नाही. बारा वर्षं मी सातिवलीच्या रस्त्यावर पास्कलच्या गॅरेजला लागून सीट कव्हरं शिवतेय. चौथी शिकलेली आहे, पण कोणाच्या गाडीत वाकडा टाका घातला नाही. तरी अकरा दिवस माझं नाव फळीवर होतं. अशा गोष्टी माझ्याकडे मशीनखालच्या चिंध्यांसारख्या साठतात. एक पिशवी भरून फेकली की दुसरी तयार.

*

आधी फळीचं सांगते. गॅरेजच्या दाराशी एक काळी फळी होती. ज्याच्यामुळे काम बिघडेल त्याचं नाव पास्कल खडूने तिच्यावर लिहायचा. पुढचा गुन्हेगार सापडेपर्यंत ते पुसायचं नाही, ही रीत.

त्याच्या मेव्हण्याने एकदा गरम इंजिनावर पाण्याचा पाइप मारला. मेव्हणा महिनाभर फळीवर. पास्कलच्या बायकोने जेवण वाढायचं बंद केलं, तरी नाव हललं नाही. शेवटी एका गाडीची वायर कुरतडलेली निघाली आणि फळीवर लिहिलं गेलं, ‘उंदीर’.

एका गिऱ्हाइकाने वाचून विचारलं, “हा नवीन मेकॅनिक काय?”

*

मग फादर इनासची गाडी आली. सेकंडहँड, पण स्टिअरिंगमध्ये एअरबॅग. तेव्हा आमच्याकडे ही नवलाईच. शेजारचा पंक्चरवाला आत डोकावून विचारतो, हिच्यात हवा किती भरायची?

पास्कल म्हणाला, “गाडी ठोकली की ती आपोआप भरते.”

“आपोआप? मग आमचं पोट कोन भरनार?”

*

या गाडीचा हॉर्न एकदा मयताला अडकला होता. चर्चच्या दारात गावातल्या एका म्हाताऱ्याची पेटी खांद्यावर, आणि मागे गाडी कोकलतेय. थांबेच ना. फादरने जाऊन बोनेट उघडलं, खाली वाकले, आणि हॉर्न गप्प.

म्हाताऱ्याच्या थोरल्या सुनेने तिथेच सांगितलं, “मामांनी थांबवला. जिवंतपणी पन कोनाला बोलू द्यायचे नाहीत.”

गावाने ते मानलं. चमत्कार झाला म्हणाले. फादरने बोनेटमध्ये काय केलं, हे कोणी विचारलं नाही. फादरला कोण विचारणार?

*

त्यानंतर पंधरा दिवसांनी फादर माझ्याकडे आले. उन्हात स्टिअरिंग हाताला चटके देतं, कव्हर शिवून दे म्हणाले. मी गाडीत बसूनच शिवलं. शिवताना बोटाला लागलं की स्टिअरिंगच्या मागे, बाजूला, स्क्रूचं एक बारकं भोक उघडं आहे. दुसऱ्या बाजूच्या भोकाला झाकण होतं, याला नव्हतं. मी पास्कलला तेव्हाच सांगितलं. तो “हं” म्हणाला. त्याचं “हं” म्हणजे ऐकलंच नाही.

गाडी निघाली, चर्चच्या गल्लीत पूर्ण वळली, आणि समोर एअरबॅगचा लाल दिवा लागला. तो जाईचना. फादर तशीच गाडी गॅरेजला परत घेऊन आले.

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. पास्कल म्हणाला, सुई वायरीत घुसली. मी म्हटलं, अरे, तिथे सुई पोचवायला मला बोनेटमधून हात घालावा लागेल. त्याने ‘उंदीर’ पुसला आणि लिहिलं, ‘हिरा’.

*

तिसऱ्या दिवशी अर्नाळ्याचं एक गिऱ्हाईक आलं. मासळीचा टेम्पो, सीट आणि स्टिअरिंग दोन्ही करायचं ठरलेलं. त्याने फळी वाचली, मला वाचलं, आणि टेम्पोला स्टार्टर मारला. आठवड्यात स्टिअरिंगचं एकही काम आलं नाही. सीटवाले पण लांबूनच भाव विचारून जायचे. नाव गेलं की धंदा गेला. माझं तर फळीवर टांगलेलं होतं.

मी शफिकला बोलावलं. वसईभरच्या गाड्यांच्या वायरी बघणारा माणूस, बोलतो कमी. त्याने आधी बॅटरी काढली, आत उरलेली वीज उतरेपर्यंत नुसता बसला. मग एअरबॅग काढून तोंड वर करून लांब ठेवली, आणि पास्कलला तिच्यापासून हाकललं. बॅगेच्या जागी त्याने एक छोटा रेझिस्टर जोडला, गाडीला बॅग आहे असं वाटावं म्हणून. दिवा तसाच. म्हणजे बॅग चांगली, बिघाड वायरीत.

मग स्टिअरिंगखालची चकती उघडली. आत पातळ पट्टी गुंडाळलेली, माझ्या मापाच्या टेपसारखी. स्टिअरिंग फिरेल तशी ती सुटते, गुंडाळते. ती तुटली होती.

शफिक म्हणाला, “सुईने नाही, ताणून तुटलीय. कोणीतरी स्टिअरिंग काढलं आणि पट्टी मधोमध न आणता परत बसवलं. पूर्ण वळवलं की तुटणारच.”

मी पास्कलकडे बघितलं. तो म्हणाला, मग तूच काढलं असशील.

*

अकराव्या दिवशी शफिकने नवीन चकती आणली, पट्टी मधोमध धरून बसवली. दिवा गेला. फादर गाडी न्यायला आले. उन्हाने लाल झालेलं तोंड, फळीकडे बघून म्हणाले, “हिरा, हे अजून आहे?”

मी सरळ विचारलं, “फादर, सगळ्यांना विचारून झालं, तुम्हाला कोणी विचारलं नाही. मयताला अडकलेला हॉर्न दुरुस्त कोणी केला?”

पास्कल मागून कुजबुजला, “हिराबाय, फादरला काय विचारतेस?”

“मीच केला,” फादर म्हणाले. “त्या वेळी बॅटरीची वायर काढली. गाडी तशीच पडून होती, मग तुझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी घरी स्टिअरिंग उघडलं. फादर व्हायला सेमिनरीत शिकताना तिथली जीप उघडायचो मी. परत लावताना सरळ करून लावलं की.”

आणि घाम पुसायला खिशातून रुमाल काढला. रुमालाबरोबर जपमाळ आली. जपमाळेत अडकून एक काळं, बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं झाकण आलं. ते सुटून खाली पडलं, घरंगळलं, आणि माझ्या चपलेपाशी थांबलं.

शफिकने ते उचललं आणि स्टिअरिंगमागच्या भोकावर दाबलं. टक्. बसलं.

पास्कलने खडू घेतला, पण त्याचा हात वर जाईना. त्याने क्रूसाची खूण केली आणि खडू माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, माझं अक्षर वाईट आहे.

फादरने त्याच्या हातून खडू घेतला. माझं नाव आपल्या रुमालाने पुसलं, आणि शाळेतल्यासारखं एक एक अक्षर जुळवत लिहिलं:

फादर इनास.