कॅन्सल केलेली राइड

काल गॅरेज आवरताना चामड्याचं जुनं जॅकेट हाती लागलं. पेट्रोलचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास त्याला अजून येतो. त्या वासानं मला थेट ऐंशीच्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला नेलं.

मी तेव्हा शिकत होते आणि सेकंडहँड मोटरसायकल चालवायचे. एकदा पेट्रोल पंपावर मी स्वतःशीच पुटपुटत होते, ते ऐकून नागपूरच्या शिरीषनं विचारलं, "मराठी का तुम्ही?" त्याच्याबरोबर आणखी तिघे मराठी इंजिनिअर होते. त्यानंतर दर रविवारी आम्ही पाच जण समुद्रापर्यंत जायचो. परक्या देशात तीच माझी माणसं झाली.

एका रविवारी सकाळी शिरीषचा फोन आला, "आज राइड कॅन्सल केली." ऊन छान होतं, म्हणून मी एकटीच निघाले. समुद्राकाठच्या कॉफीच्या दुकानाबाहेर त्या चौघांच्या मोटरसायकली उभ्या होत्या.

मला बघून तिघांनी माना खाली घातल्या. शिरीष बाहेर आला. "काय करू यार, बायकांना तू बरोबर असलेली आवडत नाही. मीनाही तेच म्हणाली."

मीना त्याची बायको. ती मला हक्कानं जेवायला बोलवायची. परतताना हेल्मेटच्या आत मी तिच्याच नावानं रडले.

संध्याकाळी तिचा फोन आला. "ताप उतरला का गं? शिरीष म्हणाला, तापामुळे तू राइडला नव्हतीस. खिचडी आणू?"

मी त्या चौघांना नको होते, तर तसं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं, असं आजही वाटतं. तेव्हा मात्र मी एवढंच म्हटलं, "ये. आलीस की सांगते."