पप्पांचं ‘हं, बरोबर’

आमचे पप्पा, भाऊराव, लखनौच्या एका सरकारी कंपनीत हिशेब तपासतात आणि तिथल्याच महानगर नावाच्या मोहल्ल्यातल्या आमच्या हॉलमध्ये कंट्रोल रूम चालवतात. मांडीवर लॅपटॉप, त्यावर मीटिंग, समोर टीव्हीवर मॅच, हातात ऑफिसचा फोन आणि सोफ्याच्या हातावर, स्पीकरवर टाकलेली, भंडाऱ्याची आजी. एका वेळी चार कामं होतात आपल्याकडनं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. होतात म्हणजे काय, तर बडे साहब तोट्याचे आकडे वाचत असताना माइक चालू राहिला आणि पप्पा म्हणाले, "वाह, क्या मारा है!" त्या वर्षीचं प्रमोशन सक्सेनाजींना मिळालं.

त्यांची नक्कल मला झोपेतही जमते. डोळे टीव्हीवर, मान अर्धी वाकडी. ‘हं’ खालून उचलायचा, ‘बरोबर’ मायेनं लांबवायचं, ‘तसंच कर’ घाईत टाकून द्यायचं. आईला हेच, सब्जीवाल्या भैयालाही हेच.

यंदा आजीच्या गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा मात्र पप्पांनी मनावर घेतलं. तिला कायमचं इथं आणायचं. मागची खोली रिकामी केली, चुना मारला, आलमबागहून बुटका पलंग आणला, बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून. आजीला सांगायचं तेवढं राहिलं. रविवारी निवांत सांगू, म्हणाले.

रविवारच्या आधीच नागपूरहून सरोज आत्याचा फोन आला. आई आलीय, घराला कुलूप लावून, भांडीकुंडी शेजारी वाटून. आता माझ्याकडंच राहणार. पप्पांनी विचारलं, हे ठरवलं कुणी? आत्या म्हणाली, तूच.

पप्पांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "पिंटू, माझ्या आवाजात तू बोललास का तिच्याशी?"

मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नव्हतं, तेवढ्यात तिकडं आजीनं फोन घेतला.

"पोराचं नाव कायले घेतं रे? मीच तुले विचारलं, भाऊ, लखनौले तुमची जागा अडते, तर सरोजकडं जाऊ काय कायमची? तू म्हनला, बरोबर, तसंच कर. मांगं तुह्या टीव्हीत लोक टाळ्या वाजवत होते."

पप्पांनी टीव्ही बंद केला. लॅपटॉप मिटला. ऑफिसचा फोन वाजत होता, तो उशीखाली सारला. मग दोन्ही हातांनी फोन धरून सांगत बसले: खोली, पलंग, खिडकीतलं सकाळचं ऊन. त्या आवाजाची नक्कल मला येत नाही, तो मी आधी कधी ऐकलाच नव्हता.

आत्याकडं टीव्हीवर मालिका जोरात चालू होती.

"मग आई, घ्यायला येऊ ना मी?"

"हं," आजी म्हणाली. खालून उचललेला. "बरोबर... तसंच कर." आणि त्याच दमात आत्याला विचारू लागली, की त्या थोरल्या सुनेचं पुढं काय झालं.

मला दोन वर्षं लागली होती. तिला पहिल्याच झटक्यात जमलं.

आजी आली नाही. पलंग मागच्या खोलीत आहे, त्यावर पप्पांचे चार्जर असतात.