बागेतले बिनतारी गृहस्थ

राजारामपुरीतल्या बागेत रोज संध्याकाळी एक गृहस्थ स्कूटरची बॅटरी, बिनतारी सेट आणि वायरचं भेंडोळं घेऊन यायचे. वायरीला दगड बांधून ती एरियल म्हणून झाडावर भिरकावायचे. वायर एवढी लांब, की तिच्यावर निम्म्या कोल्हापूरची धुणी वाळली असती! आवाज असा, की सेट नसतानाही जपानला ऐकू जावा. आपलं बोलून झालं, आता तुम्ही बोला, हे सांगायला ते ‘ओव्हर’ म्हणायचे, अगदी भेळवाल्यालासुद्धा. “कांदा जादा टाक की. ओव्हर.” ‘ओव्हर’ ऐकू येईपर्यंत भेळवाल्याची हूं करायची टाप नव्हती.

त्या पावसाळ्यात माझी बायको बाळंतपणासाठी गारगोटीला माहेरी होती आणि तीन दिवस फोन, एसटी, सगळं बंद. चौथ्या दिवशी उघडीप मिळाली. मी येरझाऱ्या घालून बागेत चर पाडला, तेव्हा त्यांनीच हटकलं, “पावणं, काय झालंय? ओव्हर.”

मी सांगितलं. गारगोटीत एका मास्तरांकडं असाच सेट होता. सेटवरून पत्ता ऐकून मास्तर माझ्या सासुरवाडीला चालत गेले. तासभर आमचे गृहस्थ सेटला कान लावून बसले. मग सेट खरखरला, “पोरगी झालीया. दोघी खुशाल हायत. ओव्हर.”

“बोला की!” म्हणत त्यांनी माइक माझ्यापुढं धरला. अख्ख्या राजारामपुरीला बोलण्यात पुरून उरणारा मी, पण नुसती मान हलवत राहिलो.

त्यांनी माइक परत घेतला आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, “पावणं मान हलवत्यात. ओव्हर.”